लोटन आबांची उंच फटफटी

लोटन आबांनी देवपुरातला प्लॉट विकून जुनी फटफटी घेतली, तेव्हा धुळ्याच्या बाजार समितीत आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मी तर सर्वांत पुढे. आबा मापाडी, मी हमालांचा मुकादम. उभा जन्म एकाच ओट्यावर गेलेला. एवढा हक्क होताच.

गाडी होतीही तशीच. लहानखुरी, पण चाकांवर उंच. जुन्या धाटणीचा गोल दिवा, खडबडीत टायर आणि मांडीपर्यंत वर उचलून घेतलेला सायलेन्सर. सातपुड्यात तेंदूपानांचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराने रानवाटांसाठी ती मुद्दाम तशी करून घेतली होती. धुळ्याच्या डांबरी रस्त्यावर तिचं काय काम? प्लॉट ठेवला असता तर उद्या सोनं झालं असतं. आणि हा साठीला टेकलेला माणूस कोवळ्या पोरासारखा किका मारतोय.

"आबा, हाई गाडी इतला पैसासनी शे का?" चहावर कुणीतरी रोज विचारायचं.

"शे," एवढंच म्हणायचे आबा, आणि बशीत चहा ओतायचे.

भिकुबाई, त्यांची बायको, गेल्यापासून आबांचं बोलणं आटलंच होतं. एका खोलीचं घर. तिची खाट असायची तिथे आता गाडी उभी राहायची. एकदा सहज डोकावलो, तर स्वारी टाकीवरून फडकं फिरवत होती आणि गाडीला त्या दिवशीचे भुईमुगाचे भाव सांगत होती. मला आधी हसू आलं, मग मी आल्या पावली मागे फिरलो. माणसाने एकटं राहावं, पण इतकं एकटं राहू नये.

गाडीचं खरं कारण मला फार उशिरा कळलं. एकुलती लेक मंदा, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला दिलेली. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आखाजीच्या सणालाही तिला माहेरी येता येत नसे. त्या गावाला एसटी एकच, तीही मुक्कामाची. संध्याकाळी पोचायची, सकाळी परतायची. म्हणजे लेकीला भेटायचं तर रात्र काढणं आलं. आणि आबांच्या घराण्याची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मंदाचा पाळणा हलला नव्हता. उपाशी बाप ओसरीवर रात्र काढतो, हे जावयालाही अवघड वाटे. म्हणून आबांनी जाणंच सोडलं होतं. आता ही गाडी दगडगोट्यांतून, नाल्यांतून चढून जायची आणि दिवस मावळायच्या आत त्यांना परत आणायची. दर महिन्याला लेकीचं तोंड दिसायचं. प्लॉटने काय दाखवलं असतं?

एक्याण्णव सालच्या वैशाखात त्यांनी मला मागे बसवून नेलं. मागची सीट म्हणजे नुसती फळी. शिरपूर सोडल्यावर माझी हाडं खिळखिळी झाली आणि मी आबांना, गाडीला, त्या ठेकेदारालाही मनसोक्त शिव्या घातल्या. आबा हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. गावाच्या अलीकडे थांबून त्यांनी गाडीला टांगलेल्या छागळीतलं पाणी पोटभर पिऊन घेतलं.

"तू तठे पेजो," मला म्हणाले. "तुले चालस."

गाडीचा आवाज ऐकून गल्लीतली बायामाणसं दारात आली. मंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी प्यायलो. आबा कोरड्या ओठांनी ओसरीच्या कडेला बसले आणि कापसाचं, उन्हाचं काहीबाही बोलत राहिले. मंदा तांब्या धरून उभीच होती.

"आबा, आते नका येत जाऊ," ती एकदम म्हणाली.

आबांनी चमकून वर पाहिलं.

"तुम्हनी गाडी वाजनी का बठ्ठी गल्ली दारमा यीसन उभी ऱ्हास. बाप पानी पेस का नही, हाईच दखतस. तुम्ही येत नव्हतात, ते लोके इसरी जायेल व्हतात. आते दर महिनाले त्यासले याद येस, का इले पोऱ्यासोऱ्या नही."

"रीत शे, माय," आबा पुटपुटले. "तुले पोऱ्या व्हई, तवय मी पोटभर पिसू."

"व्हवाव नही, आबा. डाक्टरनी सांगी दिधं. दोन वरीस व्हई ग्यात."

दोन वर्षं ती हे एकटीने गिळून बसली होती, आणि बाप दर महिन्याला हसत येऊन तिच्या जखमेवर मीठ चोळून जात होता. मला त्या रीतीचा भयंकर संताप आला, पण तोंड उघडायची ती जागा नव्हती. पाणी प्यायचं म्हणजे नातवाची आशा आपल्या हातांनी संपवायची. म्हाताऱ्याजवळ तेवढी आशा सोडून होतं काय?

 आबा उठले, सगळ्या गल्लीला दिसेल असे पुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी मंदापुढे हात केला. तिने तांब्या दिला. आबा त्याला तोंड लावून प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात ओघळलं, तरी थांबले नाहीत. रिकामा तांब्या त्यांनी मंदाच्या हातात परत दिला.

"भाकर टाक, माय," ते म्हणाले. "आज मी मुक्कामले शे."