मॅडमची नजर

आमच्या मॅडम धुतलेली चाळणी पुन्हा धुवायला लावत. एकदा नाही, तीनदा! मग ती खिडकीशी धरून छिद्रन् छिद्र तपासत. पाठीमागे आम्ही त्यांना 'चाळणीबाई' म्हणायचो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "म्हणा काय म्हणायचं ते, पण धुवा," असं म्हणायच्या.

नाशिकच्या कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवत, पण इथल्या काळ्या कातळाला मोजायच्याच नाहीत. "हे तर कालचं पोर," म्हणायच्या. सुट्टी लागली की पूर्व विदर्भात जायच्या आणि ग्रॅनाइटचे धोंडे पोत्यात भरून आणायच्या. एकदा एसटीचा कंडक्टर म्हणाला, "बाई, कांदे का?" तर म्हणाल्या, "हो, पण न सडणारे."

ते धोंडे कुटायचे, चाळायचे आणि त्यातले झिरकॉनचे कण वेचायचे. मिठाहून बारीक. कण तयार होताना त्यात थोडं युरेनियम अडकतं, त्याचं हळूहळू शिसं होत जातं. दोन्ही मोजलं की वय कळतं. "पहिले खंड कधी झाले, हे सांगायला दुसरं कुणी उरलेलंच नाही गं," म्हणायच्या. "या खडकाचा कण त्या खडकात गेला, तर आपण पृथ्वीच्या नावावर थाप मारली."

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना त्यांच्या एका ग्रॅनाइटात एक कण बाकीच्यांपेक्षा फारच जुना निघाला. म्हणजे त्याआधीही तिथे एखादा खंड होता, पुरता वितळून गेलेला! मॅडमचा लेख छापून आला. त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत पेढे वाटले. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांनीच त्या खडकाचे आणखी तुकडे कुटले. जुना कण एकातही नाही. मग वही काढली. त्याच चाळणीवर आदल्या दिवशी दुसरा खडक चाळलेला होता आणि त्याचं वय नेमकं त्या कणाइतकंच. मला बोलावून विचारलं, "तू तीनदा धुतली होतीस ना गं?"

कसली तीनदा! कळवणची शेवटची गाडी गाठायची म्हणून नळाखाली एकदा धरली होती. मॅडमनी घाईत खिडकीशी बघून "जा, गाडी चुकेल," म्हटलं होतं.

"हो मॅडम," मी म्हणाले.

"मग माझीच नजर चुकली."

त्यांनी लेख मागे घेतला, चूक स्वतःची म्हणून लिहून दिलं. पुन्हा विदर्भात गेल्या नाहीत.

मी आता वणीला शिकवते. सांगेन सांगेन म्हणता वर्षं घालवली मी, भित्री मेली! परवा इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले, तर मॅडम गेलेल्या, त्यांचं पुण्यानुमोदनही होऊन गेलेलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने, ताईंनी, चहा आणून ठेवला. म्हणाल्या, "अगं, शेवटी शेवटी तांदूळसुद्धा मलाच निवडायला लावायची. म्हणायची, माझ्या नजरेचा भरवसा नाही. डॉक्टर म्हणत, डोळे अगदी उत्तम आहेत."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. रडत रडत सांगितलं.

"हे तिला का नाही सांगितलंस?" ताई एवढंच म्हणाल्या आणि माझ्यापुढचा भरलेला कप उचलून आत घेऊन गेल्या.