टाकीवरचा साबण

भीमेतली ती जळालेली बोट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी दौंड तालुक्यातल्या नदीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पलीकडचा काठ शिरूरचा. चोरटी वाळू काढणारी एक छोटी बोट आम्ही पकडली. महिनाभर ती ठाण्याच्या आवारात पडून होती. मग कोर्टाच्या हुकमाने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे निकाल लागेपर्यंत सांभाळायला म्हणून, मालकाला परत दिली आणि तिसऱ्याच दिवशी पाण्यात पेटली. मालकाचा धाकटा भाऊ भाजून मेला. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं.

पेट्रोलची प्लॅस्टिकची टाकी गळत होती, एवढं पंचनाम्यात आलं. दुसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं की गावातल्या मेकॅनिकने, बोट पकडली जाण्याआधीच, चहाच्या टपरीवर म्हटलं होतं, 'ही बोट एक दिवस पेटणार.' मला तेवढं पुरे झालं. मेकॅनिक साठीचा, सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्याला भर बाजारातून जीपमध्ये घातलं.

दोन दिवस चौकशी केली. उत्तर एकच. टाकीच्या बुडाशी नळीचं फिटिंग झिजलं होतं. नवं मिळेपर्यंत त्याने कपडे धुण्याचा साबण मळून भरला आणि वरून सायकलची ट्यूब आवळली.

"पेट्रोलला साबण दाद देत न्हाई साहेब, पण पाण्यानं विरघळतो. ट्यूब सोडू नका, पाणी लागू देऊ नका, फिटिंग बदला, न्हाईतर पेटंल, असं मालकाच्या त्या धाकट्या भावाला बजावलं व्हतं."

मला ती मखलाशी वाटली. माझा हात उठला. त्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी केस डायरी लिहिताना बोट जप्त केली तेव्हा टाकीवर रंगवलेला मुद्देमाल नंबर तपासायला ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाला बोलावलं. जुना, प्रामाणिक हवालदार. तो म्हणाला, "नंबर ठळक दिसला पाहिजे असा तुमचा हुकूम व्हता साहेब. टाकी चिखलानं माखलेली. नळाखाली धरून घासली, तवा कुठं पेंट बसला. बुडाला ट्यूब गुंडाळून कायतरी पिवळं थापलं व्हतं, ते बी खरवडून काढलं."

ते पिवळं म्हणजे चाचांनी भरलेला साबण. हवालदाराला काही कळलं नव्हतं आणि मी त्याला कळू दिलं नाही.

चाचांना त्याच दुपारी सोडलं. कागदावर अपघाती मृत्यू लिहिला, टाकी धुतल्याचा एक शब्दही लिहिला नाही. हवालदाराला वाचवतोय, असं मनाला सांगत होतो. खरं तर स्वतःची कातडी वाचवत होतो.

निवृत्तीनंतर शिक्रापूरजवळ गाडी पंक्चर झाली. दुकान दुसऱ्याचं, चाक खोलणारे चाचा. त्यांनी ओळखलं, चहा मागवला. गावात कुणी काम देईना म्हणून इकडे आल्याचं सांगितलं. मी म्हणालो, मी तर सोडलं होतं तुम्हाला.

"सोडलं, साहेब. पण माझी चूक न्हवती, हे कुठं सांगितलं?"



नोकरीत एक शिकलो: माणसाला पकडताना सारा गाव बघतो, सोडताना कुणी नसतं. तेव्हा बोलायचं काम पोलिसाचंच असतं. मी ते केलं नाही. म्हणून आज लिहितो, उशिरा का होईना. चाचांचं काम पक्कं होतं. टाकी आम्ही धुतली.