फणसाचं झाड आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतकी फणसाच्या झाडाची काळजी घेणारा माणूस अख्ख्या गोव्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या परसात फणसाचं एकही झाड नाही. लाटंबार्शाला त्यांचं भाट, म्हणजे बागायत, आहे ती सगळी काजूची. फणस आहे तो संगणकावर. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या घराण्यांच्या वंशावळी मांडणारं एक संकेतस्थळ काही हौशी मंडळी चालवतात. पगार कोणालाच नाही. एकेका गावाचं पान एकेका माणसाकडे. पानाच्या डोक्यावर सगळ्यांचं मिळून एक चिन्ह, ते हे फणसाचं झाड. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली तेव्हा मला वाटलं होतं, ते चिन्ह कोणीतरी काढलं आणि लावलं, संपलं. मग कळलं की ते कसं लावायचं याचे नियम आहेत, ते व्याह्यांनीच लिहिलेत आणि ते पाळले जातात की नाही हे बघण्यासाठी ते निवृत्त झालेत.

झाड डाव्या कोपऱ्यातच हवं. हिरवा रंग ठरलेला, तोच. ते ताणायचं नाही, दाबायचं नाही, त्याच्यावर अक्षर चढवायचं नाही, सणासुदीला त्याच्याभोवती दिव्यांची माळ फिरवायची नाही. सकाळी चहाबरोबर पाव खाताना ते सगळ्या गावांची पानं उघडून बघतात, आणि एखादं झाड जरा रुंद दिसलं की पाव तसाच चहात राहतो. "व्याही, बघा हो, कोरगावचा फणस आडवा झालाय," असा त्यांचा फोन मला येतो. मी कोरगावचा आहे एवढाच माझा गुन्हा. आता हा रोग संकेतस्थळापुरता राहिलेला नाही. डिचोलीला एका जत्रेच्या फलकावर मंडळाचं चिन्ह कापडाच्या मापात बसवण्यासाठी ओढून लांब केलं होतं. व्याही फलकाखाली उभे राहिले आणि कार्यकर्त्यांना म्हणाले, "देवाला असं ओढलं असतं तर चाललं असतं?" कार्यकर्त्यांनी त्यांना प्रसाद दिला आणि हळूच बाजूला नेलं.

या सगळ्या राज्यात त्यांना न जुमानणारी एकच व्यक्ती, हळर्णचं पान सांभाळणारी बाई. आयुष्यभर परिचारिका म्हणून नोकरी केलेली, वयाने व्याह्यांपेक्षा मोठी. हळर्णची अर्धी माणसं तिच्या हातांवर जन्मली, त्यामुळे कोण कोणाचा हे तिला विचारावं लागत नसे. पानं सांभाळणाऱ्यांचा एक मेळावा डिचोलीला झाला, तेव्हा तिने घरी केक करून आणला आणि त्यावर काढलं होतं फणसाचं झाड. तेही पिवळं. तिने सुरी उचलली तसे व्याही ओरडले, "थांबा! चिन्हाचे तुकडे करता येत नाहीत!"

"झाडाची फळां खावकच असतत मरे," बाई म्हणाली आणि तिने बुंध्यापासून सुरुवात केली. व्याह्यांनी कडेचा, झाड नसलेला तुकडा मागून घेतला. दुसऱ्यांदाही मागितला.

नियमांतला शेवटचा नियम मात्र गंभीर होता. पान सांभाळणाऱ्याला वर्षातून एकदा विचारायचं, पान तुमच्याकडेच ठेवायचं का. उत्तर त्याचं स्वतःचं हवं. नाही आलं तर चिन्ह उतरवायचं, आणि चिन्ह उतरलं की पानही उतरतं. बेवारशी पानात कोणीही काहीही घुसडू नये म्हणून हे केलेलं. गेल्या वर्षी हळर्णचं उत्तर आलं नाही. व्याह्यांनी पुन्हा विचारलं. फोन केले, कोणी उचलेना. एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर ते हळर्णचं पान उघडून, हात मांडीवर ठेवून बसले होते.

"उतरवायला लागणार," ते म्हणाले.

"मग उतरवा."

"तुमची गाडी आहे ना बाहेर?"

आम्ही हळर्णला गेलो. बाई पडवीत खुर्चीवर होती. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, बोलणं जड. तिच्या भावजयीने आमच्यासाठी चहा ठेवला. बाईने व्याह्यांकडे बघितलं आणि पहिलंच विचारलं, "काडलंस मरे झाड?"

"अजून नाही."

"मगे काड. नियम तो नियम. माझो हात खंय चलता आता?"

एरवी हे वाक्य ऐकून व्याह्यांनी तिला शाल घातली असती. आज त्यांनी कपालाही हात लावला नाही. चहावर साय धरली. मग त्यांनी भावजयीकडे बाईचा संगणक मागितला, तो उघडला आणि कोर्टात वाचावं तसं खड्या आवाजात वाचलं, "हळर्णचं पान आपल्याकडेच ठेवू इच्छिता काय?"

"हात चलना नाय म्हणून सांगलंय ना?"

"नियमात हाताचा उल्लेख नाही. उत्तर स्वतःचं हवं, एवढंच आहे."

बाईच्या तोंडाची एक बाजू हसली. "ठेवतंय," ती म्हणाली.

व्याह्यांनी तेवढंच टंकलं, 'ठेवतंय', आणि पाठवलं. त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो काढला, चष्मा पुसला, वाचलं आणि मला सांगितलं, "हळर्णहून उत्तर आलं."

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही तिकडे जातो. ती सांगते, व्याही लिहितात. आमच्याकडे वंशावळीत पुरुष ओळीने सापडतात. लेकींचं तसं नाही. लग्नात नाव बदललं की माहेरचं नाव कोणाच्या तोंडी राहत नाही. ती नावं बाईला ठाऊक आहेत. पण हल्ली एखादं निसटतं. मागच्या गुरुवारी एका घराण्यातल्या धाकट्या लेकीपाशी ती अडली. गोरी होती, डिचोलीकडे दिली, हसताना तोंडावर पदर घ्यायची, सगळं आठवत होतं, नाव तेवढं येईना. मी काहीतरी सुचवायला गेलो, तर चहातला पाव विसरणाऱ्या, फोनवर धीर न धरणाऱ्या या माणसाने हातानेच मला गप्प केलं. बोटं संगणकावर तशीच अधांतरी ठेवून ते बसले. परसात कोणीतरी झाडत होतं. आम्ही तिघंही त्या मुलीची वाट बघत राहिलो.

त्या दिवशी ती आली नाही. व्याह्यांनी हलक्या हाताने संगणक मिटला आणि बाईला म्हणाले, "घाई नाही."