करकोच्याचं तोंड

मैंदर्गीच्या शिवारात शिवम्माचा आवाज कुणाला ठाऊक नाही? शाळू हुरड्यावर आला की रानाचे मालक आधी तिला निरोप धाडायचे. माळ्यावर चढून तिनं गोफण फिरवली आणि ‘हाऽऽ हुर्रर्र’ केलं, की पाखरं थेट पलीकडच्या गावच्या रानात जाऊन पडायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच काम. आता सत्तरी उलटली, गुडघे गेले, माळ्यावर चढणं सुटलं. आवाज मात्र होता तसाच. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारीण दारात येऊन उभी राहायची.

आणि या बाईला काय हवं होतं म्हणता? करकोच्याचं तोंड बघायचं होतं! हसू नका. उभा जन्म पाखरं हाकलण्यात गेला, त्यामुळं तिनं बघितली ती त्यांची पाठ. थंडीत करकोचे हरभऱ्यात उतरायचे, ही ओरडायची, ते उडायचे. निवांत बसलेला करकोचा तोंडाकडून कसा दिसतो, हे तिला माहीतच नव्हतं. मध्ये तर ते यायचेच बंद झाले. गावाजवळचं हिरेकेरी तळं गाळानं आणि बेशरमीच्या झुडपांनी बुजलं होतं, मग थांबतील कुठं? शेवटी गावानं आणि वनखात्यानं मिळून गाळ उपसला, बेशरम मुळासकट काढली, कडेचं गवत राखलं. पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकायला लागलं आणि करकोचे परत आले. सोलापूरहून लोक गाड्या करून बघायला यायला लागले. शिवम्माची नात चंद्रिका तिथंच पाहुण्यांना पाखरं दाखवायच्या कामाला लागली. मग काय, म्हातारीच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

पहिल्या खेपेला झालेली फजिती सगळ्या गावाला पाठ आहे. पाखरं बघायला काठावर गवताची खोप बांधली होती. शिवम्मा त्यात बसली, फटीतून करकोचे दिसले, आणि जन्माची सवय गळ्यातून बाहेर पडली. ‘हाऽऽ हुर्रर्र!’ तळं रिकामं! पाहुणे बिचारे दुर्बिणी हातात धरून आभाळाकडं बघत राहिले, आणि चंद्रिकेला तोंड लपवायला जागा उरली नाही.

पुढच्या खेपेला राखणदार शहाजीनं तिला फाटकातच अडवलं. शहाजी सांगोल्याकडचा, माणूस सरळ, पण नियमाला पक्का.

“आज्जी, तुमी आत गेला की पाखरं भाईर जात्यात. न्हाय जमायचं.”

शिवम्मा भाकरीचं गठुडं घेऊन फाटकाशी बसली. दुसऱ्या दिवशीही बसली, तिसऱ्याही. येणारे-जाणारे तिला बघून शहाजीला बोल लावायला लागले, तेव्हा तो वैतागला.

“एकडाव सोडतो. पर तोंडातनं आवाज निघाला, तर फाटक कायमचं बंद. चालंल?”

“तोंडात पदर कोंबते की,” शिवम्मा म्हणाली, आणि खरोखरच कोंबला.

खोपीत एका बाजूला चंद्रिका, दुसऱ्या बाजूला शहाजी, मध्ये ही. समोर करकोच्यांचा थवा चिखलात चरत होता. पण वारा समोरून होता, आणि पाखरू वाऱ्याकडं तोंड करून उभं राहतं. म्हणजे खोपीकडं सगळ्या पाठीच! शिवम्मा पदर चावत बसली. गळ्यात हाक येऊन अडकायची, ती गिळायची. “सुम्मनिरु, अज्जी,” चंद्रिका कुजबुजायची. गप्प राहा म्हणून दोघींच्या घरच्या कानडीत सांगायची. घामानं म्हातारीचं कपाळ भिजलं, पण ब्र नाही.

आणि वारा पडला. एकेक करकोचा वळायला लागला. चंद्रिकेनं दुर्बीण तिच्या डोळ्याला लावली.

तेवढ्यात शिवम्माला गवतात कुत्री दिसली. दोन, पोट जमिनीला घासत निघालेली. थव्यापासून बाजूला एक करकोचा काठावर बसला होता, त्याच्या मागं. कुत्री जवळ आली, त्यानं पंख झाडले, अर्धवट उठला आणि पुन्हा पडला. त्याचा पाय कशात तरी अडकला होता.

शिवम्मानं पदर ओढून काढला.

“हाऽऽऽ हुर्रर्रर्र!”

अख्खा थवा उठला. कुत्री शेपूट घालून बांधावरून पसार झाली. शहाजी लालेलाल होऊन उठला, “सांगितलं हुतं का न्हाय तुमाला!” शिवम्मानं नुसतं बोट केलं. काठावर एकच करकोचा फडफडत होता.

तिघं चिखलात उतरली. चोरून मासे धरणाऱ्या कुणीतरी टाकलेल्या जाळ्याचा नायलॉन पायाला करकचून बसला होता.

“डोळं झाका त्याचं!” शहाजी म्हणाला. “माणूस दिसलं की भेदरतंय. भेदरूनच मरंल.”

शिवम्मा चिखलात फतकल मारून बसली, पाखरू मागून धरून मांडीवर घेतलं आणि पदर त्याच्या डोक्यावर टाकला. पाखरू निवलं. शहाजी चाकूनं एकेक धागा तोडत होता. गाठी लई चिवट, वेळ लागत होता. तिच्या तळहाताखाली पाखराचं काळीज धाडधाड उडत होतं. तोंड दिसायला पदर दोन बोटांनी उचलला असता तरी पुरे होतं. बोटं तिकडं वळलीही. मग तिनं मूठ घट्ट मिटली आणि मान वळवून ती बांधाकडं बघत बसली.

“सुटला!” शहाजीनं चाकू मिटला. “आज्जी, फाटकाचं मनावर घिऊ नका. कवाबी या.”

पाखराचं तोंड पाण्याकडं करून तिनं पदर काढून घेतला. करकोचा चार पावलं धावला, हवेत उठला आणि थव्याच्या वाटेनं निघून गेला.

चंद्रिकेनं तिला हात देऊन उठवलं. “अज्जी, बघितलंस का तोंड?”

“न्हाय.”

“अगं, मांडीवर हुता की! जरासा पदर उचलायचा!”

“उचलला असता तर भ्यालं असतं गं ते.” शिवम्माचे डोळे भरून आले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत. “जलमभर मला बघून भ्यालीच की सगळी. एक तरी न भेता जाऊ दे.”