ओळीतलं विरजण

वाळूजच्या कारखान्यांत शेत गेलं, तेव्हा आमच्या घरमालकिणीनं उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्यांची एक ओळ बांधली. खोल्यांत शिफ्टवाले कामगार आणि टोकाला मी, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. मालकीण मला मास्तरीणबाई म्हणायची आणि माझं एक अक्षर ऐकायची नाही.

माझी शेजारीण बिडकीनकडची. येताना माहेरचं विरजण घेऊन आली होती. तिचं दही इतकं घट्ट लागायचं की सगळी ओळ तिच्याकडून विरजण न्यायला लागली, मालकीणसुद्धा. दह्यातले जिवाणू दुधात पडले की एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतात. म्हणजे ओळीतल्या प्रत्येक पातेल्यात एकाच घराण्याची प्रजा नांदत होती. आडनावावरून तिची जात कुणाला कळली नव्हती, म्हणून सगळं गोड चाललं होतं.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलं. शेजारणीचा नवरा मोर्चात दिसला आणि मालकिणीला एकदम ज्ञानप्राप्ती झाली. तिनं घरातलं दही मोरीत ओतलं, पातेलं राखेनं घासलं आणि शेजारणीला महिनाअखेर खोली खाली करायला सांगितलं. कालपर्यंत बोटं चाटणाऱ्या बाकीच्या बायांनीही दही ओतलं. शेजारणीला सातवा महिना होता, आणि त्या दिवसांत तिला दुसरी खोली कुणी देणार नव्हतं. मी मालकिणीकडे गेले. म्हटलं, बाळंतपण होईपर्यंत तरी राहू द्या, जिवाणूंना जात नसते.

"ते पोरांना शिकवा, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "आमाला भावकीत तोंड दाखवायचंय."



त्याच महिन्यात थंडी पडली आणि मालकिणीचं दही लागेना. दौलताबादहून भावाकडून आणलेल्या विरजणाला तार सुटली. सासऱ्यांना तर दह्याशिवाय जेवण जायचं नाही. शेवटी ती माझ्या दारात आली.

"तुमचं लई चांगलं लागतं म्हणं. जरासं द्या की."

"देते. पण मी ओतून दिलं नव्हतं. हे तिच्याच घरचं आहे."

मला वाटलं, ती तशीच माघारी फिरेल, नाहीतर लाजेनं खोलीचा हट्ट तरी सोडेल. तिनं मागं वळून ओळीवर नजर टाकली.

"कुणाला ठावं हाय का हे?"

"नाही," मी म्हणाले.

"मग द्या की."

माझी वाटी पदराखाली झाकून ती गेली.

महिनाअखेरीला टेम्पो आला. शेजारीण पोट सावरत पुढं बसली, मांडीवर दह्याचा डबा. कुठं जाणार, तर तूर्त माहेरी. मालकीण ओट्यावरून बघत होती. टेम्पो रस्त्याला लागला तशी ती माझी वाटी घेऊन आली. वाटी रिकामी परत करू नये, एवढे संस्कार मात्र तिच्यावर होते. वाटीत काठोकाठ दही होतं.

"खाऊन बघा," ती म्हणाली. "आमच्या घरचं हाय."