‘संग कोण हाय?’ विचारणाऱ्यांसाठी

परदेशी जायचं ठरवलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘कुठे जाताय’ हा नसतो, ‘संग कोण हाय’ हा असतो. वाटूरच्या फाट्यावर चहा पिणाऱ्यांपासून माझ्या शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मला तो विचारला. मी सांगायचे, "बहीण आहे." त्यावर पुढचं ठरलेलं, "ते झालं हो बाई, पण संग कोण हाय?" दोन बायका मिळून एक माणूससुद्धा होत नाही, असा यांचा हिशोब. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलं. हा हिशोब मला कधी जमला नाही आणि मला तो जमवायचाही नाही.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, तीर्थपुरीला असते. तिनं जन्मभर लोकांच्या रानात कापूस वेचला, नवरा गेल्यावर एकटीनं मुलगा वाढवला. तिला श्रीलंकेला जाऊन अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचा होता. बोधगयेच्या झाडाची फांदी घेऊन एक भिक्षुणी समुद्र ओलांडून तिकडे गेली, ही गोष्ट तिनं विहारात ऐकली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. मुलगा म्हणायचा, "आई, बोधगया बघितली ना तू? तिथंबी झाडच हाय." आक्का गप्प बसायची. आधी वडिलांपुढे, मग नवऱ्यापुढे आणि आता पोरापुढे ती गप्पच बसत आली होती. तिचे गुडघे कुरकुर करायला लागले होते. आता गेली नाही तर कधीच जाणार नाही, हे मला दिसत होतं आणि तिलाही.

जालन्यातले एक गृहस्थ दरवर्षी वैशाख पौर्णिमेला तिकडे मंडळी घेऊन जातात. पोराचं मन राखायचं म्हणून आम्ही दोघी आधी त्यांच्याकडे गेलो. मुक्काम कुठे, विचारलं. "चांगल्या हॉटेलात." हॉटेलचं नाव? "तिथं गेल्यावर कळंल की." परतीचं तिकीट? "माझ्याकडं राहील." आणि पासपोर्ट? "तेबी माझ्याकडंच द्या, बाई. बायकांच्या हातून हरवतेत." त्यांच्या टेबलावर रबरबँड लावलेला पासपोर्टांचा गठ्ठा होताच. शहाण्यासुरत्या बायकांनी बिनबोभाट आणून दिलेले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "विमानतळावरचा अधिकारी मागेल तेव्हा त्याला देईन. तुम्हाला कशापायी देऊ?" ते म्हणाले, "मंग तुमचं आमच्यासंग न्हाई जमायचं." "बराबर बोललात," असं म्हणून मी आक्काचा हात धरला आणि उठले. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट या दोन गोष्टी परक्या मुलखात दुसऱ्याच्या पिशवीत असतील, तर तुम्ही सहलीला निघालेल्या नाही आहात, तुम्हाला कोणीतरी नेतंय. या दोन्हींत फरक आहे.

घरी आल्यावर भाचा म्हणाला, "झालं तर मंग, कॅन्सल. दोघी एकट्या जाऊन काय करणार? काही झालं तर?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्का बोलली. भाकरी थापता थापता, तव्यावरची नजर न काढता. "ती बाई फांदी घेऊन समुद्रापल्याड गेल्ती ना, तिला कोणी विचारलं न्हाई संग कोण हाय म्हणून. मी जाऊन राह्यले. बिलकुल जाणार." भाचा माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच तिच्या आतून बोलले होते.

मग मी कंबर कसली. कुणाच्या कामी येईल म्हणून सांगते. वैशाख पौर्णिमा आम्ही मुद्दाम टाळली. त्या दिवसांत सगळं जग तिकडे लोटतं आणि खर्च दुप्पट होतो. झाड काय, बाकीच्या दिवसांतही तिथंच असतं. मुंबईहून उडण्याचा थाट नको म्हणून रेल्वेनं चेन्नई गाठली, तिथून विमानाचा पल्ला अगदी जवळचा. व्हिसाचा अर्ज श्रीलंकेच्या सरकारी संकेतस्थळावर मी स्वतः भरला. तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट्स बऱ्याच आहेत, त्या फुकट खिसा कापतात. विमान असं निवडलं की नव्या गावात उजेडी उतरायचं. मुक्कामाला हॉटेल नको, घरातच खोल्या भाड्यानं देणारं कुटुंब शोधलं, आणि तेही आधी राहून आलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते वाचून. प्रवासाचा विमा काढला. "मरणाचं कशाला बोलता आधीच?" असं एक शेजारीण म्हणाली. मी म्हटलं, "मरणाचं नव्हे, गुडघ्याचं." गोळ्यांसोबत डॉक्टरची चिठ्ठी घेतली. पासपोर्टच्या झेरॉक्स एकमेकींच्या बॅगेत, आणि खरे पासपोर्ट जिचे तिच्या परकराला शिवलेल्या खिशात. त्या खिशाला कुणी हात लावून दाखवावा.

कोलंबोहून अनुराधपूरला आम्ही साध्या बसनं गेलो. भात, डाळ आणि खोबऱ्याची चटणी खाल्ली. घरमालकीण आक्काएवढीच होती. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी स्वयंपाकघरात तासभर बोलत बसल्या. पांढरी लुगडी आम्ही जयंतीला नेसतो तीच नेली होती. तिथं सगळेच पांढऱ्या कपड्यांत येतात, त्यामुळे आम्ही कुठून आलो हे कुणी वळूनही बघितलं नाही. झाडापाशी आक्का खूप वेळ बसली. रडली नाही. मी रडले.

पण एक गोष्ट वाचायची माझ्याकडून राहून गेली होती. झाडापासून जरा पुढे एका विहारात बुद्धांची मोठी बैठी मूर्ती होती. आक्का म्हणाली, माझा फोटो काढ. आपल्याकडे लग्न असो, जयंती असो, मूर्ती पाठीशी घेऊन आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, हीच रीत. तशीच ती पदर सारखा करून, हात जोडून उभी राहिली. मी मोबाइल वर धरला आणि मागून रखवालदार ओरडला. शिट्टी वाजवत, हात हलवत तो आमच्या अंगावर आला.

आक्का जागीच थिजली. तिचा चेहरा मी लहानपणी एकदाच तसा पाहिला होता, गावातल्या देवळाच्या पायरीवरून तिला हाकललं होतं तेव्हा. ती एवढंच म्हणाली, "इथंबी?"

माझं रक्त उसळलं. मी त्या माणसाच्या समोर जाऊन उभी राहिले. एवढा समुद्र ओलांडून आलेय, आता मागे हटणार नव्हते. मी मराठीत ओरडत होते, तो सिंहलीत. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतली एक म्हातारी मध्ये आली. तिनं मला हातानं थांबवलं. मग स्वतः मूर्तीकडे पाठ करून उभी राहिली आणि मान हलवली, असं नाही. वळून मूर्तीकडे तोंड केलं, हात जोडले आणि हसली, असं. त्यांच्याकडे बुद्धांना पाठ दाखवणं हा अपमान. एवढंच होतं. तिनं आक्काचे खांदे धरले आणि तिला हळूच मूर्तीकडे वळवलं. हाकललं नाही, वळवलं. रखवालदारानं शिट्टी खिशात टाकली आणि माझ्या हातातला मोबाइल घेऊन त्यानंच फोटो काढला. म्हणून सांगते, ज्या मुलखात जायचं तिथं काय चालत नाही ते आधी वाचून जा. घाबरून घरी बसू मात्र नका.

परत आल्यावर आक्कानं तो फोटो मोठा करून आणला. पांढरं लुगडं, बांधलेला अंबाडा, आणि समोर शांत बसलेली ती मूर्ती. भाच्यानं तो उलटासुलटा करून पाहिला. "आई, ह्याच्यात तुझं तोंडच दिसून न्हाई राह्यलं. लोकांना कसं कळंल तू गेल्तीस म्हणून? दुसरा लाव."

आक्का खुर्चीवर चढली. खिळा तिनं आधीच ठोकून ठेवला होता, बैठकीत, दारातून येणाऱ्याच्या अगदी समोर. फोटो अडकवून खाली उतरली आणि म्हणाली, "तोंड बघायचं आसंल तर तुझा पासपोर्ट काढ, अन् मूर्तीच्या बाजूनं येऊन बघ."