कुलपाबाहेरची पंगत

मागच्या संपात दिलेला शब्द फिरवून सरकारने आमच्या अंगणवाडीच्या सुमनताईंना फसवलं. म्हणून यंदा त्यांनी दाराला पुन्हा कुलूप लावलं. पोरं मात्र सवयीने ताटल्या घेऊन आली आणि पायरीवर ओळीने बसली. मग ताईंनी घरून खिचडीचं पातेलं आणलं. वाफ कुलपापर्यंत चढली.

समोरच्या माझ्या भाजीच्या गाडीवरून मी ओरडले, "असा चालवतात का संप, ताई?"

"कुलूप उघडलं का मी? ही माझ्या घरची खिचडी आहे. नुसत्या बोलू नका, उद्यासाठी बटाटे द्या!"

माझं आयुष्य घासाघीस करण्यात गेलं, पण हट्टही न सोडणारी आणि पोरंही उपाशी न ठेवणारी अशी बाई पाहिली नाही. बटाटे मी दिले. शब्द देणाऱ्या साहेबांनी आता या पायरीवर बसून पोरांना उत्तर द्यावं.